विंडोज १० वर परत जाण्याआधी दहा मिनिटं ब्राउझरला द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. लॅपटॉप २०१९ चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. सहा दिवसांपूर्वी विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं. तेव्हापासून क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं, उजव्या कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ म्हणून पाट्या झळकतात, यूट्यूबवर आवाज येतो पण चित्र काळं, मशीन एकूण जड झालंय, आणि डिजिटल सहीचं टोकन (सहीचं प्रमाणपत्र असलेलं, पेन ड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण) लावून ज्या जुन्या साइटवर काम करायचा तिचं लॉगिनच उघडत नाही. ओळखीच्या एकानं सांगितलंय, ‘फॉरमॅट मारू आणि १० टाकू, नाहीतर सरळ ७ टाकू, मग पळतंय बघ मशीन.’ तुम्ही विचारताय, टाकू का? आणि टाकलं तर पासवर्ड आणि गिऱ्हाइकांची कामं राहतील का?

मी लक्ष्मीपुरीत २००५ पासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हा प्रश्न थोड्याफार फरकानं माझ्या टेबलावर रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण एक काम आत्ताच करा, बाकीचं सावकाश वाचा.

अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे जे ‘गो बॅक’ बटण दिसतं ते त्याच्याच जिवावर चालतं. ही सोय १० दिवसांची असते. नंतर विंडोज तो फोल्डर स्वतःच काढून टाकतं आणि बटण निकामी होतं. तुमचे सहा दिवस गेलेत, हातात चार आहेत. घाईत चुकीचा निर्णय होतो तो याच चार दिवसांत, म्हणून आधी मुदत वाढवून घ्या. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा आणि फोनवर सांगतो तसं टाइप करा: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश सेट, हायफन, पुढे ओएस-अनइन्स्टॉल-विंडो हे तिन्ही शब्द हायफन न देता सलग, मग स्पेस, स्लॅश व्हॅल्यू, कोलन, ६०. एंटर मारा. मुदत ६० दिवसांची होते, ६० च्या वर जात नाही. १० दिवस उलटून गेल्यावर ही कमांड मारून उपयोग नाही, कारण तोवर फोल्डरच गेलेला असतो. आणि या काळात डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ या ओळीवर टिक करू नका. जागा होईल म्हणून लोक तिथे टिक करतात आणि परतीचा रस्ता स्वतःच्या हातानं बुजवतात.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंय विंडोजबद्दल, पण तुम्ही सांगितलेली बहुतेक लक्षणं ब्राउझरची आहेत. अपग्रेड आणि त्रास एकाच आठवड्यात आले म्हणून अपग्रेडवर नाव आलं. पायात काटा रुतलाय आणि आपण पायताण बदलतोय, असं होऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे. सगळा दोष ब्राउझरचाच असेल असं मी लॅपटॉप न बघता छातीठोक सांगणार नाही. पण तपासायची एक साधी रीत आहे आणि तिला खरंच दहा मिनिटं लागतात.

क्रोममध्ये उजवीकडे वर तुमच्या नावाचा किंवा फोटोचा गोल असतो. त्यावर क्लिक करून ‘गेस्ट’ निवडा. नवीन खिडकी उघडेल. तिच्यात तुमची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) नाहीत, कुकीज (साइटनं लॉगिन लक्षात ठेवायला साठवलेल्या खुणा) नाहीत, साइटना दिलेल्या परवानग्या नाहीत, काहीच नाही. तिच्यात रोजच्या पाच साइट उघडा आणि यूट्यूबही लावा. गेस्टमध्ये सगळं नीट चाललं तर दोष तुमच्या क्रोमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या नावानं साठलेल्या सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्समध्ये आहे, विंडोज निर्दोष. गेस्टमध्येही तोच त्रास झाला तर तेच सगळं एजमध्ये, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या ब्राउझरमध्ये, करून बघा. एज नीट आणि क्रोम बिघडलेलं असेल तर क्रोम दुरुस्त करायचं. दोन्हीकडे सारखंच बिघडलेलं असेल तर मग ड्रायव्हर (हार्डवेअर विंडोजला जोडून देणारा प्रोग्राम), डिस्क, रॅम, विंडोज, या क्रमानं खाली उतरायचं. माझ्याकडे मशीन आलं की स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी मी हेच करतो.

‘व्हायरस सापडला’ या पाट्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्या बघून माणसं घाबरतात. मध्यंतरी मंगळवार पेठेतले एक निवृत्त शिक्षक लॅपटॉप पिशवीत गुंडाळून घेऊन आले. तीन दिवस त्यांनी तो चालूच केला नव्हता, पेन्शनचं खातं रिकामं होईल या भीतीनं. चालू केला तर एका मिनिटात उजव्या कोपऱ्यात लाल पाटी: तुमच्या संगणकात पाच व्हायरस, आत्ता क्लिक करा. मी त्यांना पाटीतली बारीक अक्षरातली ओळ दाखवली. तिथे कुठल्याशा साइटचं नाव होतं आणि शेजारी क्रोमचं चिन्ह. म्हणजे ही पाटी विंडोजची नाही, अँटिव्हायरसची नाही, एका साइटनं पाठवलेलं ते नोटिफिकेशन आहे. कुठलंतरी पान उघडताना ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ असं आलं होतं आणि त्यांनी ते दाबलं होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटची यादी असते. त्यांच्या यादीत अकरा साइट होत्या, दोन ओळखीच्या. बाकीच्या नऊ काढल्या, पाट्या बंद. मास्तर बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत बसले, पुन्हा येते का म्हणून. तुमच्याकडे दिवसभर वेगवेगळी माणसं बसतात, तुमची यादी यापेक्षा मोठी असणार. पाटीवर क्लिक करून काही डाउनलोड केलेलं असेल तर मात्र एवढ्यावर थांबू नका. विंडोज सिक्युरिटीत ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज उघडायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं सापडण्याची शक्यता जास्त.

भलत्या सर्च पानाचं कारण बहुतेक वेळा एखादं एक्स्टेन्शन असतं. पीडीएफ जोडायचं, फोटो लहान करायचं, कूपन द्यायचं अशा नावानं ते आलेलं असतं. फॉर्मच्या दुकानात फोटो आणि सही ठराविक केबीत बसवायची असते, त्यासाठी घाईत काहीतरी टाकलं जातं, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय. एक्स्टेन्शन्सची यादी उघडा आणि ज्याची आज खरोखर गरज नाही ते काढा. बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. मग सेटिंग्जमधल्या ‘रीसेट सेटिंग्ज’मध्ये जाऊन मूळ सेटिंग परत आणा. या रीसेटला लोक उगाच भितात. त्यानं सुरुवातीचं पान आणि सर्च इंजिन मूळ जागी येतं, एक्स्टेन्शन्स बंद होतात, कुकीज जातात म्हणून साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत.

रीसेटनंतरही तेच पान परत आलं तर दोन जागा बघायच्या. पहिली, डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’. तिथे क्रोम डॉट ईएक्सई नंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असतो. तो शॉर्टकट काढून नवा करा. दुसरी, क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसतंय का. तुमचं एकट्याचं दुकान आहे, तुमच्या लॅपटॉपला कुठली संस्था सांभाळत नाही. तरीही ते दिसत असेल तर कुठल्यातरी प्रोग्रामनं पॉलिसी, म्हणजे सक्तीची सेटिंग, बसवली आहे. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी बसवतात, त्यामुळे दिसली की लगेच उडवायची नाही. ॲड्रेसच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाकलं की कुठली पॉलिसी आहे ते कळतं. एखादं एक्स्टेन्शन जबरदस्तीनं बसवलेलं किंवा सर्च इंजिन बांधून टाकलेलं दिसलं तर जाणकाराकडून रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) ती नोंद काढून घ्या.

यूट्यूबवर आवाज आहे आणि चित्र काळं, हे मात्र अपग्रेडशी जोडलेलं असू शकतं. व्हिडिओ दाखवायचं काम ब्राउझर ग्राफिक्स चिपवर सोपवतो. अपग्रेडनंतर डिस्प्लेचा ड्रायव्हर जुना किंवा कामचलाऊ राहिलेला असेल तर तिथे गडबड होते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’मध्ये ग्राफिक्स ॲक्सेलरेशनचं बटण आहे. ते बंद करून क्रोम पुन्हा उघडा. चित्र दिसायला लागलं तर निदान झालं, ड्रायव्हरचा दोष. पण ते बटण कायमचं बंद ठेवू नका, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि लॅपटॉप तापतो. तुमच्या मॉडेलच्या कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ साठीचा डिस्प्ले ड्रायव्हर घ्या, टाका आणि बटण परत चालू करा.

मशीन जड झालंय म्हणता, तिथे मला एक माहिती हवी होती ती तुम्ही दिलेली नाही: डिस्क कसली आहे? टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक करा, एसएसडी (चिपवरची, वेगवान) की एचडीडी (फिरती) ते लिहिलेलं असतं. त्या सुमाराच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये १ टीबीची फिरती हार्ड डिस्क यायची. तसं असेल तर सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल आणि तोवर क्रोमचा टॅबही हलणार नाही. अपग्रेडनंतरचे काही दिवस मागे फाइलींची अनुक्रमणिका आणि अपडेट चालू असतात, तो भार आपोआप उतरतो. पण फिरत्या डिस्कचा मुळातला संथपणा १० वर जाऊनही जाणार नाही. तिथे एसएसडी बसवणं हाच इलाज. माझ्या हातून गेलेल्या मशीनमध्ये डाउनग्रेडनं जेवढा फरक पडला त्याच्या कितीतरी पट एसएसडीनं पडला. तुमची ८ जीबी रॅम या कामाला पुरेशी आहे.

आता टोकनची साइट. तुमची रोजीरोटी त्यावर आहे, म्हणून इथे सावकाश. पहिला प्रश्न: ती साइट तुम्ही आधी कशात उघडत होता? इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडत असाल तर लक्षात घ्या, विंडोज ११ मध्ये तो नाहीच, आणि विंडोज १० वरही १४ फेब्रुवारी २०२३ च्या एजच्या अपडेटनं तो कायमचा बंद केला. म्हणजे त्याच्यासाठी म्हणून १० वर परत गेलात तर तिथेही तो मिळणार नाही. त्याच्या जागी एजमध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत चालेल असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या भागात साइट त्या मोडमध्ये उघडायला ‘अलाऊ’ करा, एज पुन्हा सुरू करा आणि खालच्या यादीत लॉगिनच्या पानाचा पूर्ण पत्ता घाला, नुसतं साइटचं नाव नको.

या यादीत एक खोच आहे. घातलेला पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो. यादीत प्रत्येक पत्त्यापुढे तारीख असते, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. महिनाभर साइट चालते, एकतिसाव्या दिवशी कोरं पान येतं आणि माणूस धावत दुकानात येतो. तुमच्या बाबतीत ती तारीख आणि अपग्रेड यांची गाठ पडली असण्याची बरीच शक्यता मला वाटते. पत्ता पुन्हा घाला आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. साइट जुन्या पद्धतीची असेल तर ‘इंटरनेट ऑप्शन्स’मध्ये ट्रस्टेड साइट्समध्येही तिला घालावं लागतं. स्टार्टमध्ये नाव टाकून शोधलं की ती खिडकी ११ मध्येही उघडते.

साइट उघडली पण सही होत नसेल तर टोकन लावून टोकनचाच प्रोग्राम उघडा. तिथे तुमचं नाव आणि प्रमाणपत्राची मुदत दिसते का? दिसत नसेल तर टोकनचा ड्रायव्हर काढून नवा टाका. मुदत संपलेली दिसली तर कुठलंही विंडोज टाकून ती सही चालणार नाही. अंदाजानं पिन मारत बसू नका, ठराविक चुकांनंतर टोकन लॉक होतं. प्रमाणपत्र नीट दिसतंय आणि साइट म्हणतेय की सहीचा प्रोग्राम सापडत नाही, तर ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अशा साइट याच मशीनवर मागे चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामला हाक मारतात. तो अपग्रेडनंतर आपोआप सुरू होत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून स्वतः सुरू करा. अलीकडचं क्रोम अशा वेळी साइटला परवानगी द्यायची का असं विचारतं. तिथे घाईत ‘ब्लॉक’ दाबलेलं असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ती परवानगी परत देता येते.

इथपर्यंतचं एकत्र करतो. पाट्या आणि सर्चचं पान हा क्रोमच्या प्रोफाइलचा मामला. काळं चित्र ड्रायव्हरचा. जडपणा बहुधा डिस्कचा. टोकनची साइट एजच्या यादीचा किंवा टोकनच्या ड्रायव्हरचा. डाउनग्रेड केल्याशिवाय सुटणार नाही असं यात मला एकही दिसत नाही.

पण डाउनग्रेड कधीच करू नये असं मी म्हणत नाही. ज्या स्कॅनरला, प्लॉटरला किंवा जुन्या डाँगलला विंडोज ११ चा ड्रायव्हरच निघालेला नाही आणि धंदा त्यावर उभा आहे, तिथे मी स्वतः १० परत टाकून दिलंय. शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याचं उदाहरण सांगतो. त्यांचा पट्टीचा, म्हणजे विकलेल्या गुळाचा हिशेब छापायचा प्रोग्राम विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातला, फॉक्सप्रोमध्ये केलेला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पट्टी छापणारा. जुन्या पीसीवर ३२ बिटचं विंडोज १० होतं म्हणून तो चालत होता. पुतण्यानं हौसेनं ११ चा नवा पीसी आणला आणि प्रोग्राम उघडेचना. ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे, म्हणजे त्या काळातले, प्रोग्राम चालत नाहीत आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. ऐन सौद्याच्या दिवसांत हे झालं. आम्ही डॉसचं वातावरण तयार करणारा प्रोग्राम टाकून बघितला, पट्टी पडद्यावर आली पण छापताना ओळी सरकायच्या. शेवटी जुना पीसी ठेवला, त्याची नेटची वायर काढली, तो फक्त पट्टीला. नवा पीसी नेट, बँक आणि जीएसटीला. जुनी सिस्टिम ठेवायचीच असेल तर ती नेटपासून तोडून ठेवणं ही वाट मला सगळ्यात सुरक्षित वाटते. तुमचं काम सगळं नेटवरचं, म्हणून ती वाट तुम्हाला नाही.

याच कारणानं विंडोज ७ चा विचार डोक्यातून काढून टाका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, ११० पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, विंडोज १० लागतं. शिवाय आठव्या पिढीच्या प्रोसेसरला ७ साठी ग्राफिक्सचा अधिकृत ड्रायव्हर नाही, ७ च्या मूळ डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हरही नसतो. आणि ‘हलकं केलेलं’ म्हणून पेन ड्राइव्हवर फिरणारं विंडोज कुणी टाकत असेल तर हात जोडून नाही म्हणा. त्यात काय काढलंय आणि काय घातलंय हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, पोरांच्या मार्कशीट पडलेल्या आहेत. विश्वासानं दिलेली ती कागदपत्रं आहेत.

विंडोज १० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली सुरक्षा अपडेटची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तीही २२एच२ आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातून नोंदणी केली तरच. म्हणजे आज परत गेलात तरी ११ वर पुन्हा यायचंच आहे.

सगळं करून बघितलं आणि तरीही परत जायचं ठरलं, तर आधी पासवर्ड. हे मी एका गिऱ्हाइकाचं नुकसान करून शिकलो. मशीन फॉरमॅट करायच्या आधी मी त्यांच्या क्रोमचा ‘युजर डेटा’ फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला आणि नव्या विंडोजवर परत टाकला. बुकमार्क आले, हिस्टरी आली, पासवर्ड एकही उघडला नाही. ते पासवर्ड त्या विंडोजमधल्या त्या युजरच्या किल्लीनं कुलूपबंद असतात, विंडोज गेलं की किल्ली गेली. त्यांनी पुढचे चार दिवस एकेका साइटवर ‘फरगॉट पासवर्ड’ करत काढले. तुम्ही क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट’ करा. सीएसव्ही फाइल मिळते. ती कुणीही उघडून वाचू शकतं, म्हणून पेन ड्राइव्हवर घ्या, काम झालं की शिफ्ट-डिलीटनं काढा.

दुसरं, सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद ठेवायची सोय) चालू आहे का बघा. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ आकडी रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. तिसरं, विंडोज १० वर असताना लॉगिनचा जो पासवर्ड होता तो आठवतोय ना? परत गेल्यावर तोच लागतो. आणि कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क घरी न्या. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा माझ्याकडे अशी मशीन आली ज्यांचा बॅकअप त्याच टेबलाच्या खालच्या खणात होता. दोन्ही एकदमच भिजले होते.

मग चार्जर लावून, लाईट जायची शक्यता कमी असेल अशा वेळी ‘गो बॅक’ करा. फाइली राहतात. अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. मुदत टळून गेली असेल तर मात्र मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० घेऊन कोरी पाटी करावी लागते, तिथे सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. वायफायचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, नाहीतर विंडोज टाकून झाल्यावर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, अशी अडचण होते. तुमच्या लॅपटॉपवर आधी १० अधिकृत चालू होतं, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली तर नेट लागल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

यातलं काहीही केलंत तरी उद्यापासून गिऱ्हाइकांचे फॉर्म गेस्ट खिडकीतच भरा. काम झालं, खिडकी बंद केली की त्यांचं लॉगिन, त्यांचा पासवर्ड, चुकून दाबलेलं ‘अलाऊ’ सगळं तिच्यासोबत जातं आणि तुमचं स्वतःचं प्रोफाइल, त्यातली बँक, स्वच्छ राहतं. डाउनलोड झालेल्या फाइली तेवढ्या मागे राहतात, त्या संध्याकाळी दुकान बंद करताना काढा.

आज ती कमांड मारा आणि गेस्टची चाचणी करा. गेस्टमध्ये काय झालं, डिस्क कसली निघाली आणि टोकनच्या पाठीवर कुठलं मॉडेल छापलंय, एवढ्या तीन गोष्टी कळवा. मॉडेल कळलं की ड्रायव्हरचं पुढचं सांगतो.